जस्टिसमधला बेस गेला कुठं? मागची सगळी स्टोरी

अमेरिकन हेवी मेटल बँड मेटॅलिकाचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम पहिल्यांदा ऐकणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत एकदा तरी हेडफोन काढून बघतो, वायर हलवतो, इक्वलायझरमध्ये बेस वाढवतो, आणि तरी काही होत नाही. कारण तिथं वाढवायला काही ठेवलेलंच नाही. चार जणांचा बँड, आणि कानाला ऐकू येतात तिघं, बेस गिटार वाजवणारा चौथा गायब. १९८८ पासून हा वाद चालूय आणि त्याची दोन ठरलेली उत्तरं आहेत, एक म्हणजे नवीन पोराला छळायचं म्हणून मुद्दाम त्याचा बेस दाबला, आणि दुसरं म्हणजे मिक्सिंगवाल्यांनी, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं एकत्र जुळवणाऱ्यांनी, घाण केली. पहिल्यात थोडं तथ्य आहे, दुसऱ्यात मला तरी जवळपास काहीच दिसत नाही, पण त्याआधीची दोन वर्षं बघितल्याशिवाय यातलं काहीच नीट कळत नाही.

तर १९८६. मार्चमध्ये 'मास्टर ऑफ पपेट्स' आलेला, बँड जोरात, युरोपचा टूर चालू. २७ सप्टेंबरला पहाटे स्वीडनमध्ये त्यांची बस रस्त्यावरून घसरली आणि आडवी झाली. बेसिस्ट क्लिफ बर्टन झोपेत खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बस त्याच्यावर पडली. वय २४. ज्या बंकवर तो झोपला होता तो खरं तर गिटारिस्ट कर्क हॅमेटचा, पण पत्ते काढून ठरवलं की कोणी कुठं झोपायचं आणि क्लिफने इस्पिकचा एक्का काढला. ड्रायव्हर म्हणाला रस्त्यावर बर्फाचा थर होता म्हणून बस घसरली, तर गायक आणि गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड त्या थंडीत रस्त्यावर मागं चालत जाऊन बर्फ शोधत होता, आणि त्याला बर्फ कुठं दिसला नाही. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय.

क्लिफ म्हणजे नुसता बेसिस्ट नव्हता हे लक्षात घ्या. बँडमध्ये संगीताचं शास्त्र खऱ्या अर्थाने कळणारा तोच होता, हार्मनी वगैरे गोष्टी बाकीच्यांनी त्याच्याकडूनच उचलल्या, आणि तो बेस लीड गिटारसारखा वाजवायचा. असा माणूस गेल्यावर हे लोक थांबले का? तर नाही. ऑक्टोबर संपायच्या आत नवीन बेसिस्ट ठरला आणि नोव्हेंबरमध्ये हे परत स्टेजवर. आपल्याकडं वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सणवार करत नाहीत, इथं दीड महिन्यात शो चालू. रडायला वेळच कोणी घेतला नाही, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ तिथंच आहे.

नवीन माणूस म्हणजे जेसन न्यूस्टेड, ॲरिझोनातल्या फ्लॉटसम अँड जेटसम बँडचा. तिथं तो बरीचशी गाणी लिहायचा, जवळपास लीडरच होता, आणि वर मेटॅलिकाचा कट्टर फॅन. ४० पेक्षा जास्त लोकांच्या ऑडिशनमधून निवडला गेला. आणि मग सुरू झालं त्याचं रॅगिंग. हॉटेलात दारू हे प्यायचे आणि बिल त्याच्या रूमवर टाकायचे. वसाबीचा, म्हणजे त्या झणझणीत जपानी चटणीचा, अख्खा गोळा आइस्क्रीम म्हणून त्याला खायला लावला तो किस्सा तर सगळ्यांनाच माहितीय. आज हे ऐकायला गंमत वाटते पण हे एक-दोन आठवडे नाही चाललं, बराच काळ चाललं. क्लिफ गेल्याचा राग कोणावर काढायचा, तर त्याच्या जागी येऊन उभा राहिलाय त्याच्यावर.

आता एक गोष्ट बघा. १९८७ मध्ये यांनी 'गॅरेज डेज री-रिव्हिजिटेड' नावाचा कव्हर, म्हणजे दुसऱ्या बँडच्या गाण्यांचा ईपी (छोटा अल्बम) काढला, झटपट रेकॉर्ड केलेला, आणि त्याच्यात जेसनचा बेस मस्त ठणठणीत ऐकू येतो. म्हणजे त्याला वाजवता येत नव्हतं किंवा यांना बेस रेकॉर्ड करता येत नव्हता असं अजिबात नाही.

जानेवारी १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत काम सुरू झालं. आधीच्या दोन अल्बमचा प्रोड्युसर डेन्मार्कचा फ्लेमिंग रासमुसेन, पण तो तेव्हा मोकळा नव्हता म्हणून माइक क्लिंकला घेतलं, जो नुकताच गन्स एन रोझेसचा 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' करून आलेला. काही जमलं नाही. तीनेक आठवड्यात ड्रमर लार्स उलरिकने कोपनहेगनला फोन लावला की बाबा ये, आणि रासमुसेन आला. क्लिंकच्या वेळचे ड्रम्स 'हार्वेस्टर ऑफ सॉरो' आणि 'द शॉर्टेस्ट स्ट्रॉ' या दोन गाण्यांत तेवढे राहिले. मे उजाडेपर्यंत रेकॉर्डिंग आटोपलं.

आणि हे सगळं टेपवर बरं का. लार्सने ड्रम्स तुकड्या-तुकड्यात वाजवायचे, मग चांगले तुकडे निवडून टेप ब्लेडने कापून चिकटवायची. अल्बम इतका घट्ट, इतका मशीनसारखा का वाटतो त्याचं एक कारण हे. दुसरं कारण जेम्सची रिदम गिटार, एकच रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) एकावर एक थर चढवून वाजवलेला, ॲम्पवर मधल्या फ्रिक्वेन्सी कापून टाकलेल्या, खालचा भाग जाड आणि वरचा धारदार. पण हा जो खालचा जाड भाग आहे ना, ती बेसची जागा. ती गिटारने आधीच खाऊन टाकलेली.

जेसनने त्याचा बेस वाजवला तेव्हा स्टुडिओत ना जेम्स, ना लार्स. सोबत असिस्टंट इंजिनियर टोबी राइट, बस. असं वाजव, तसा टोन ठेव, गिटारपेक्षा वेगळं काहीतरी कर, हे सांगणारं कोणी नाही. त्याच्या जुन्या बँडमध्ये तो गिटारच्या रिफला धरूनच वाजवायचा, इथंही त्याने तेच केलं. क्लिफ गिटारच्या भोवती फिरायचा, जेसन गिटारच्या बरोबर चालला. म्हणजे मिक्सिंगच्या टेबलावर पोचायच्या आधीच बेस अर्धा लपलेला होता.

मिक्सिंग झालं न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत, स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो या जोडीकडं. यांनीच 'ॲपेटाइट'चंही मिक्सिंग केलेलं, आणि त्यात गन्स एन रोझेसच्या डफ मकेगनचा बेस कसा सणसणीत ऐकू येतो ते आठवा, मग मिक्सिंगवाल्यांना बेस कळत नव्हता हा मुद्दाच निकालात निघतो. थॉम्पसनने २०१५ मध्ये एका मुलाखतीत सगळं सांगून टाकलं. त्याच्या म्हणण्यानुसार लार्स त्याच्या ड्रम्सचा आवाज कसा हवा याची सेटिंग घेऊनच आला होता, आणि मग म्हणाला बेस कमी कर, इतका की जेमतेम ऐकू यावा. केला. मग म्हणाला आता त्याच्याही खाली आण. थॉम्पसनला वाटलं हा मस्करी करतोय. मस्करी नव्हती. त्याच्या सांगण्यात पुढचा भाग अजून भारी आहे, २००९ मध्ये मेटॅलिकाला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं त्या कार्यक्रमाला थॉम्पसनलाही बोलावलं होतं आणि तिथं लार्सनेच त्याला विचारलं की काय रे, जस्टिसमधल्या बेसचं काय झालं!

जेम्सची बाजू वेगळी आहे. तो म्हणतो जेसनला त्रास द्यायचा हेतू नव्हता, बेस आणि गिटार एकच वाजवत होते, आणि आमचे कान कामातून गेले होते. यातला कानांचा मुद्दा मला पटतो. मे १९८८ अखेर अमेरिकेत मॉन्स्टर्स ऑफ रॉक टूर सुरू झाला, व्हॅन हेलन, स्कॉर्पियन्स, डॉकन, किंगडम कम आणि हे, आणि जेम्स आणि लार्स शो झाला की बेअर्सव्हिलला यायचे, मिक्स ऐकायचे, परत पळायचे. रोज स्टेडियममध्ये ड्रम आणि ॲम्पसमोर उभं राहिलेल्या माणसाला वरच्या फ्रिक्वेन्सी कमीच ऐकू येणार, मग तो म्हणणार वाढव अजून वाढव. किक ड्रमचा तो टकटक आवाज असा वर आला आणि बेस अजून खाली गेला. रासमुसेन मिक्सिंगला नव्हता, नाहीतर कदाचित कोणीतरी अडवलं असतं. तो आजही सांगतो की जेसन त्या अल्बमवर भारी वाजलाय, आणि हे ऐकलेल्या जगातल्या मोजक्या लोकांपैकी तो एक आहे.

माझं मत विचाराल तर मुद्दाम ठरवून कट केला नसेल, पण चौथ्या माणसाच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत कोणी नव्हतं आणि त्या जागी बर्टन असता तर बेस खाली आण असं म्हणायची लार्सची हिंमत झाली नसती, विषय संपला.

आता अल्बमबद्दल. ९ गाणी, ६५ मिनिटं, एका रेकॉर्डवर मावेना म्हणून दोन एलपी. टायटल ट्रॅक जवळजवळ १० मिनिटांचा. रिफ संपतो म्हणेपर्यंत दुसरा, मग तिसरा, मग पहिला वेगळ्या तालात. खरं सांगायचं तर दोन-तीन गाण्यांना कात्री लावली असती तर बरं झालं असतं. पण विषय बघा, 'ब्लॅकन्ड' पृथ्वीच्या नाशावर, 'द शॉर्टेस्ट स्ट्रॉ' ब्लॅकलिस्टिंगवर, टायटल ट्रॅक पैशाने विकलेल्या न्यायावर, आणि कव्हरवर दोरखंडांनी बांधलेली न्यायदेवता जिच्या तराजूत नोटा भरल्यात. 'डायर्स ईव्ह'मध्ये जेम्सने आईबापांवर सगळा राग काढलाय, त्याचं घर ख्रिश्चन सायन्स पंथाचं, औषधपाणी मान्य नाही, आई कॅन्सरने गेली तेव्हा हा १६ वर्षांचा. आणि 'टू लिव्ह इज टू डाय' क्लिफने मागं ठेवलेल्या तुकड्यांवर बांधलेलं, जवळपास सगळं वाद्यसंगीत, मध्ये चार ओळी बोललेल्या. अशा गाण्यांना हा कोरडा, हाडं दिसणारा आवाज शोभतो असं म्हणणारे लोक आहेत आणि मीही अर्धाअधिक त्यांच्यातच मोडतो. जेसनवर अन्याय झाला हे मान्य करूनसुद्धा.

ऑगस्ट १९८८ च्या शेवटी अल्बम आला आणि रेडिओवर फारसं कोणी वाजवत नसताना अमेरिकेच्या बिलबोर्ड चार्टवर ६ व्या नंबरपर्यंत गेला, ब्रिटनमध्ये ४. पण खरा स्फोट 'वन'ने केला. युद्धात हातपाय, डोळे, कान, आवाज सगळं गेलेला आणि तरी जिवंत असलेला सैनिक. मॅनेजर क्लिफ बर्नस्टीनने डाल्टन ट्रम्बोची 'जॉनी गॉट हिज गन' ही १९३९ ची कादंबरी सुचवली, तिच्यावरून गाणं आकाराला आलं. तोपर्यंत मेटॅलिकाने एकही व्हिडिओ केला नव्हता, आम्ही त्यातले नाही असा तोरा होता. डिसेंबरमध्ये लाँग बीचला एका गोदामात व्हिडिओ शूट झाला आणि ट्रम्बोनेच काढलेल्या १९७१ च्या सिनेमाचे तुकडे मधे टाकले. दोन दिग्दर्शकांपैकी एक बिल पोप, ज्याने पुढं 'मॅट्रिक्स'चा कॅमेरा केला. जानेवारी १९८९ मध्ये एमटीव्हीवर तो लागला आणि जुन्या फॅन्समध्ये 'विकले गेले साले' अशी बोंब झाली, पण साडेसात मिनिटांचं, मरण मागणाऱ्या माणसाचं गाणं अमेरिकेच्या टॉप ४० मध्ये ३५ व्या नंबरला गेलं. यात विकलं काय गेलं ते मला आजवर कळलेलं नाही.

पुढच्याच महिन्यात ग्रॅमी. हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच वेगळं बक्षीस ठेवलेलं. मेटॅलिकाने स्टेजवर 'वन' वाजवलं, सगळ्यांना वाटलं यांचंच आहे, आणि ॲलिस कूपर आणि लिटा फोर्डने पाकीट उघडून नाव वाचलं जेथ्रो टल. बासरीवाला बँड! ते तर आलेसुद्धा नव्हते. प्रेक्षकांत हुर्यो झाली. टलच्या कंपनीने नंतर बासरी हेही जड धातूचंच वाद्य आहे अशी जाहिरात दिली, आणि मेटॅलिकाने अल्बमवर 'ग्रॅमी हरलेले' असा स्टिकर लावून विकला. पुढच्या वर्षी मेटलची वेगळी कॅटेगरी आली आणि 'वन'ला मिळालं. १९९२ मध्ये परत जिंकले तेव्हा लार्सने जेथ्रो टलचे आभार मानले, यंदा अल्बम काढला नाही म्हणून.

टूरमध्ये न्यायदेवतेचा मोठा पुतळा असायचा, शोच्या शेवटी तो कोसळायचा. पण टायटल ट्रॅक वाजवताना पुढच्या रांगेतली पोरं जांभया देतायत हे यांनाही दिसत होतं आणि कर्कने नंतर ते कबूलही केलं. १९९१ चा 'ब्लॅक अल्बम' छोट्या गाण्यांचा झाला त्याचं बीज इथलं. प्रोड्युसर नवीन, बॉब रॉक, आणि बेस एकदम पोटात जाणवेल असा.

जस्टिसची बरीच गाणी मग बँडने बाजूलाच टाकली. 'डायर्स ईव्ह' स्टेजवर पहिल्यांदा वाजलं २००४ मध्ये, 'द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' अख्खं वाजलं २०१४ मध्ये. 'वन' मात्र कधी सुटलं नाही, ऑक्टोबर २०११ मध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर सुद्धा झालं, ज्याच्यासाठी मुंबई-पुण्याहून पोरं ट्रेन, बस, मिळेल ते पकडून गेली होती, त्याच्या दोन दिवस आधीचा गुडगावचा शो तर गर्दीने बॅरिकेड तुटल्यामुळं रद्दच झाला होता.

जेसनने जानेवारी २००१ मध्ये बँड सोडला. २००९ मध्ये 'गिटार हिरो' या गेमसाठी गाण्यांचे ट्रॅक सुटे करून दिले आणि लोकांनी त्यातून बेस उचलून स्वतःचे जस्टिस बनवले, ते नेटवर अजून फिरतात. २०१८ मध्ये अधिकृत रीमास्टर आला तेव्हा सगळे आस लावून बसले होते, पण मिक्सला हात लावला नाही, जे झालं ते झालं, तो त्या काळाचा पुरावा आहे असं बँडचं म्हणणं. फॅन्सनी शिव्या घातल्या. मला तरी बँडचं चुकलं असं वाटत नाही, आणि जेसनचा बेस ऐकायचाच असेल तर १९८९ च्या ऑगस्टमधले सिएटलचे शो ऐका, १९९३ च्या 'लाइव्ह शिट' बॉक्स सेटमध्ये आहेत, तिथं 'ब्लॅकन्ड' सुरू होतं आणि चौघंही ऐकू येतात.