पँट (श्वासवाचक इंग्रजी शब्द)

पँट : धावल्याने, जिना चढल्याने, उकाड्याने किंवा घाबरून तोंडाने भराभर श्वास घेणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. मराठीत ‘धापा टाकणे’ हा त्याला सर्वांत जवळचा प्रयोग. अंगात घालायच्या पँटशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. ती पँट ‘पँटलून’वरून आली आणि पँटलून हा शब्द इटालियन लोकनाट्यातील पांतालोने या व्हेनिसच्या कंजूष म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या नावावरून. उच्चार एकच असल्याने मराठी माध्यमाची मुले इंग्रजीच्या तासाला इथे हमखास अडतात.

इंग्रजीत हा शब्द १५व्या शतकापासून आढळतो. तो जुन्या फ्रेंचमधून आला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. फ्रेंच शब्दामागे बोलीतील लॅटिनचे ‘पांतासियारे’ हे रूप ते धरतात. ते लिखित सापडत नाही, उत्तरकालीन शब्दांवरून कल्पिलेले आहे. त्याचा अर्थ फार बोलका आहे : वाईट स्वप्नात घुसमटणे. त्याच्याही मागे ग्रीक ‘फांतासिया’, म्हणजे मनापुढे उभी राहिलेली प्रतिमा. इंग्रजीतील ‘फँटसी’ आणि ‘फँटम’ याच घरातले. ‘फॅन्सी’ हा तर ‘फँटसी’चाच आखडलेला अवतार, तेव्हा शाळेतली फॅन्सी ड्रेस स्पर्धा आणि लागलेली धाप या दोहोंचे मूळ एकच निघते. आणखी मागे गेले की दिसणे, प्रकाशणे या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू लागतो. संस्कृतातील ‘भा’ हा धातू त्याचाच वारस. आपले आभा, प्रभा, भास हे शब्द त्याच वंशातले.

हे नाते कोशापुरते नाही, अनुभवातही आहे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री जाग येते. डोळे उघडे, पण हात हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, घशातून आवाज फुटत नाही. पकड सुटताच माणूस ताडकन उठून बसतो, ऊर धपापत असते, आणि शेजारी झोपलेली आजी पाठीवर हात ठेवून म्हणते, “काही नाही रे, भास झाला. पाणी पी.” भास आणि धाप यांची जी सांगड शब्दाच्या इतिहासात सापडते, तीच आजीच्या त्या वाक्यात आहे. स्वप्ने पडण्याच्या अवस्थेत स्नायू सैल पडलेले असतात, ती अवस्था संपण्याआधीच जाग आली की असे होते. इंग्रजीतील ‘नाइटमेअर’मधली ‘मेअर’ही घोडी नव्हे, झोपलेल्याच्या छातीवर बसणारी पिशाच्ची आहे.

म्हणूनच ‘पँट’चे भाषांतर दर वेळी ‘धापा टाकणे’ असे करणे मला अपुरे वाटते. दादरच्या पुलाचे जिने चढून लोकल गाठणाऱ्याला धाप लागते, तिथे तो शब्द चपखल बसतो. भीतीने श्वास वाढला असेल तर ‘ऊर धपापणे’ हवे. ‘दम लागणे’ यातला दम फारसी, मूळ अर्थ श्वास. ‘दमा’ मात्र आजाराचे नाव आहे. दवाखान्यात ‘जिना चढताना दम लागतो’ हे ‘दमा आहे’ म्हणून सांगितले तर घोटाळा होतो, कारण दम रक्त कमी असल्याने किंवा हृदयाच्या दुखण्यानेही लागतो. इंग्रजीत या शब्दाला उत्कट ओढीचीही छटा आहे. मराठीत त्यासाठी जीव आसुसतो, धापत नाही.

प्राण्यांबाबत हा शब्द अगदी नेमका आहे. कुत्र्याला घामाच्या ग्रंथी जवळजवळ पंजांपुरत्याच असतात. जीभ बाहेर काढून तो मिनिटाला सुमारे ३०० उथळ श्वास घेतो, जिभेवरचे व श्वसनमार्गातले पाणी वाफ होऊन उडते आणि अंग निवते. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत पाणी सहज उडत नाही. तेव्हा फुटपाथवरचे कुत्रे सावलीत पडूनही धापा टाकत राहते. त्याच्यापुढे पाण्याचे भांडे ठेवावे.

प्रसूतिगृहात हाच श्वास मुद्दाम घ्यायला लावतात. बाळाचे डोके बाहेर येऊ लागले की सिस्टर आईला सांगते, “आता जोर नको लावू, तोंडाने छोटे छोटे श्वास घे.” त्याने जोर आवरतो आणि डोके सावकाश बाहेर येते.