हॅलिफॅक्सची जुनी चित्रकार्डे

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स या बंदराचे रस्ते, चर्च व गोदी दाखवणारी छापील टपालकार्डे. यांतली बरीचशी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतली आहेत. ब्रिटिशांनी १७४९ मध्ये वसवलेले हे शहर आरमाराचे ठाणे होते. बोटीतून उतरलेल्या खलाशाला किंवा प्रवाशाला खुशाली कळवायला कार्ड सोयीचे पडे. देशांतर्गत टपालखर्च एक सेंट असे. एप्रिल १९१५ पासून त्यावर एका सेंटचा युद्धकर बसला.

१९०३ च्या अखेरपर्यंत कॅनडात कार्डाची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी होती. त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला, कधी थेट चर्चच्या माथ्यावरच्या आकाशात लिहावा लागे. पुढे मागची बाजू पत्ता व मजकूर यांत दुभागली आणि चित्राला पूर्ण जागा मिळाली. लंडनचे राफाएल टक, डंडीचे व्हॅलेंटाइन, टोरोंटोचे वॉरिक ब्रदर्स अँड रटर हे कॅनडाच्या बाजारातले मोठे प्रकाशक. या काळातली पुष्कळ रंगीत कार्डे जर्मनीत छापली जात. १९१४ च्या युद्धाने तो पुरवठा तोडला. मूळ छायाचित्र कृष्णधवल असे आणि रंग छापखान्यात चढत. तिथल्या कारागिराने शहर पाहिलेले नसे. म्हणून कार्डावरच्या भिंतीच्या रंगावर विश्वास ठेवू नये, आकाशाच्या तर मुळीच नाही.

चर्चमध्ये सेंट पॉल्सचा मान पहिला. १७५० मध्ये बांधलेले हे लाकडी चर्च शहरातली सर्वांत जुनी उभी इमारत आहे. सेंट जॉर्जेसचा वर्तुळाकार आराखडा चित्रात उठून दिसतो. १९९४ च्या आगीनंतर त्याची डागडुजी करताना जुन्या बांधणीचाच आधार घेतला गेला. सेंट मेरीजचा ग्रॅनाइटचा मनोरा आणि सिटाडेल या किल्ल्याच्या टेकडीच्या उतारावरचे, १८०३ पासून वेळ दाखवणारे घड्याळ हेही विषय वारंवार येतात.

रस्त्यांच्या कार्डांत बॅरिंग्टन स्ट्रीट आघाडीवर आहे. ती अभ्यासकाला जास्त उपयोगी, कारण चर्च फारसे बदलत नाही, दुकानाची पाटी बदलते. मात्र टपालाचा शिक्का म्हणजे चित्राची तारीख नव्हे. एकच चित्र वर्षानुवर्षे विकले जाई, म्हणून काळ ठरवायला चित्रातच शोधावे लागते. विजेची ट्राम दिसली तर चित्र १८९६ ते १९४९ मधले. त्याहून नेमकी खूण वाहतुकीच्या बाजूची: हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे त्या नोव्हा स्कोशियात १५ एप्रिल १९२३ पर्यंत वाहने आपल्याकडच्यासारखी डावीकडून चालत. गाड्या डावीकडून जात असतील, तर चित्र त्याआधीचे. अर्थात चित्र उलटे छापलेले नाही ना, हे पाट्यांवरची अक्षरे वाचून आधी पाहावे.

६ डिसेंबर १९१७ रोजी बंदराच्या चिंचोळ्या भागात दारूगोळ्याने भरलेले फ्रेंच जहाज ‘माँ ब्लाँ’ आणि नॉर्वेचे ‘इमो’ यांची टक्कर झाली. त्यानंतरच्या स्फोटात सुमारे दोन हजार माणसे मेली आणि उत्तरेकडची रिचमंड वस्ती सपाट झाली. तिथली ग्रोव्ह प्रेस्बिटेरियन व के स्ट्रीट मेथडिस्ट ही चर्चही गेली. दोन्ही मंडळींनी पुढे मिळून एकच चर्च बांधले. सेंट पॉल्स दूर असल्याने वाचले, तरी उडून आलेला खिडकीच्या चौकटीचा तुकडा त्याच्या भिंतीत रुतला. उद्ध्वस्त घरांची कार्डेही लगेच निघाली व खपली. आज हे विचित्र वाटेल. पण दूरच्या नातलगांना आपल्यावर काय गुदरले ते दाखवायला याहून स्वस्त साधन नव्हते.

संग्राहकांच्या बाजारात चर्चची छापील कार्डे मुबलक, म्हणून स्वस्त असतात. थेट छायाचित्राच्या कागदावर काढलेली रस्त्यांची व स्फोटाची कार्डे महाग जातात. नोव्हा स्कोशियाच्या प्रांतिक अभिलेखागारातही जुन्या कार्डांचा संग्रह आहे. पाहणारे बहुतेक चित्राची बाजू पाहून थांबतात. मागच्या दोन ओळी, बोट कधी लागली, हवा कशी आहे, पत्र का नाही, या मात्र वाचायच्याच राहतात.