'जेवलो' असे सांगण्याचे वय

रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते. नागपूरच्या नंदनवन भागातल्या भाड्याच्या खोलीत, गडचिरोलीहून शिकायला आलेला मुलगा कच्चा चिवडा खात बसलेला असतो, तेवढ्यात आईचा फोन येतो. "जेवला का रे?" या प्रश्नावर तो लगेच "हो, जेवलो" म्हणतो. आजवर आई त्याची काळजी करीत आली; आता आईला काळजी वाटू नये, ही काळजी तो करू लागला आहे. मला यात प्रौढपणाची पहिली खूण दिसते.

कायद्याने माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो, मन मात्र सावकाश पोहोचते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला 'उदयोन्मुख प्रौढत्व' असे स्वतंत्र नाव दिले. विचार आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, हेही आता माहीत आहे. परंतु त्यावरून 'पोरांना अजून अक्कल नाही' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, कारण शांतपणे विचार करायला वेळ मिळाला तर सोळा वर्षांची मुलेही जवळजवळ मोठ्यांइतकाच नीट विचार करतात. तोल जातो तो भावना उसळल्यावर किंवा मित्रांच्या घोळक्यात.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये 'मी कोण' ही ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या. आपल्याकडे त्यांतली एक फार दिसते: स्वतः शोध न घेता घरच्यांनी ठरवलेली वाट स्वीकारणे. दहावीच्या निकालादिवशीच 'इंजिनिअरिंग' ठरलेला मुलगा वरून स्थिर वाटतो, पण तिसऱ्या सेमिस्टरला विषय राहिला की 'हे मी का करतोय?' हा प्रश्न त्याच्यापुढे पहिल्यांदाच उभा राहतो.

मग घरापासून तुटणे हाच उपाय का? तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम काइत्चिबाशी यांनी दाखवून दिले की स्वतःचे निर्णय घेणे आणि नात्यांत घट्ट असणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. ही मांडणी विदर्भातल्या घरांना अधिक जवळची आहे, असे मला वाटते. मुलाने विषय बदलायचा म्हटल्यावर बापाने रागावण्याआधी "कशामुळे?" एवढे विचारले, तरी दोन्ही गोष्टी साधतात.

झोप, भूक आणि मित्र ही तिन्ही दोन आठवड्यांहून अधिक काळ दुरावली असतील, तर मात्र केवळ वयाचा भाग म्हणून थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतून बोलता येते.