बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले: सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यात राहायला आले, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. मिशनचं मानधन त्यांनी सोडून दिलं होतं. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जागा होती. त्या काळात हे फार धाडसाचं होतं. पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईत वारले आणि दरबाराचं काम अर्धवट राहिलं. पण आपल्या भागात कोण ख्रिस्ताकडे आलं आणि कोण उंबऱ्यापर्यंत येऊन परतलं, हे समजून घ्यायचं तर या दरबारापासूनच सुरुवात करावी लागते.

त्याआधीची सत्तर वर्षं पाहा. १८४८ मध्ये छत्रपतींचं सातारचं राज्य खालसा झालं आणि १८४९ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं साताऱ्यात बसलं. मिशनरी अमेरिकेचे, राज्य इंग्रजांचं. पण गावाला दोन्ही साहेबच. त्यामुळे बाप्तिस्मा घेणाऱ्याबद्दल मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, म्हणायची, ‘प्रभूकडे आला’, आणि गाव म्हणायचं, ‘बाटला’. १८५० च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही असं ठरलं खरं. पण कायद्याने पंगतीतलं पान मिळत नव्हतं, लेकीचं लग्न जमत नव्हतं, मयताला भावकीचा खांदा मिळत नव्हता. माझ्या मते परतलेल्यांपैकी बहुतेकांना ख्रिस्त नकोसा नव्हता. त्यांना आपल्या माणसांपासून तुटणं नको होतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण जोतीराव फुल्यांचं. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे याच जिल्ह्यातल्या. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि शिक्षिका होण्याच्या तयारीसाठी सावित्रीबाई नगरला मिशनरी मिस फरार यांच्याकडे राहिल्या. त्याच पिढीतले बाबा पदमनजी हेही मिशनच्याच शाळांतून शिकले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. फुल्यांनी घेतला नाही. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या रूपात पाहिलं, इतका त्यांचा जिव्हाळा होता, आणि त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज काढला. सारखं शिक्षण, जातीच्या जाचाबद्दल सारखीच चीड, आणि तरी वाटा दोन. पदमनजींना पापक्षमेची तहान होती. फुल्यांना शेतकऱ्याच्या घरातून बाहेर न पडता ते घर बदलायचं होतं. यातल्या एकाला खरा आणि दुसऱ्याला कच्चा ठरवणं मला कधीच पटलेलं नाही.

टिळकांच्या घरात तर हा प्रश्न एकाच छपराखाली होता. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांच्या मनातून आधी सोवळं गेलं. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, हे त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वादात हरवून त्यांना कुणी ख्रिस्ती केलं नाही. टिळकही स्वतः सांगत की ते ख्रिस्तापाशी आले ते तुकोबांच्या पुलावरून. वारकऱ्यांच्या या मुलखात तो पूल फार जणांच्या घरातच होता. तरी पंत, मोरे, कांबळे त्यावरून एकाच वेळी चालत गेले नाहीत, आणि पलीकडे पोचल्यावर मंडळीतही काहींनी जातीचं गाठोडं खाली ठेवलं नाही.

सांगलीकडची गोष्ट दवाखान्याची. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये इकडे आले आणि १८९४ मध्ये मिरजेचं मिशन रुग्णालय उभं राहिलं. लांबलांबून बैलगाड्या यायच्या. रोगी बरे व्हायचे, डॉक्टरांचे पाय धरायचे आणि घरी जाऊन आपल्याच देवापुढे निरांजन लावायचे. रुग्णालयाचं नाव देशभर झालं, मंडळी मात्र लहानच राहिली. आजही या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती एक टक्क्याहून कमी आहेत. औषधाबरोबर श्रद्धा आपोआप येत नाही, आणि त्यात रोग्याचा कृतघ्नपणाही नाही.

दलित वस्त्यांतली वाट वेगळी होती. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. तिथे त्यांना वेगळं बसावं लागे. १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्याला ओढून घेतल्याचं सांगितलं. पण चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातीवरही त्यांनी त्याच भाषणात बोट ठेवलं. १९५६ मध्ये ते बुद्धाकडे गेले आणि त्यांच्यामागून लाखो गेले. त्याआधी १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे कितीतरी घरांत दाखल्यावर एक धर्म आणि ओठांवर दुसरी प्रार्थना, अशी ओढाताण चालते. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्यांनी त्या घरातल्या मुलांच्या फीची पावती एकदा हातात घ्यावी.

आमच्याकडे रविवारी टिळकांची भजनं अजून टाळ-पेटीवर होतात. शेवटच्या ओळीत काही माणसं बसलेली असतात. त्यांना भजनं तोंडपाठ असतात, डोळे मिटून ती गातात. प्रभुभोजनाची, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्यांना द्यायच्या भाकरीची, ताटली निघाली की हळूच उठतात, बाहेर चपला घालतात आणि प्रार्थना संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहतात.