पावसाळ्यात सायकलला कुठलं ग्रीस?

जुलैमध्ये माझ्या सायकलच्या मागच्या चाकातून खरखर यायला लागली म्हणून हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडलं तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरट आणि पातळ झालेलं, छर्ऱ्यांवर गंजाचे ठिपके. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘हाय टेम्परेचर’ लिहिलेलं, ते वाचूनच घेतलं होतं मी.

आता हिशोब बघा. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर, म्हणजे ताशी 25 किमीने गेलात तरी चाक मिनिटाला 200 च्या आसपासच फेरे मारतं. एवढ्याने हबचे छर्रे काही तापत नाहीत, उन्हात उभी केलेली सायकल जास्त तापते. आपल्याकडे ग्रीसची वाट लावतं ते पाणी, आणि पाण्यापुढे टिकायचं की नाही हे ठरतं त्यातल्या साबणावर.

हो, साबणच. ग्रीस म्हणजे बहुतांश तेल, त्यात साबणाचे बारीक तंतू असतात, ते स्पंजसारखं तेल धरून ठेवतात आणि छर्रे फिरताना थोडं थोडं सोडतात. सोडियमचा साबण असेल तर तो पाण्यात विरघळतो, सायकलला अजिबात नको. लिथियमवालं सगळीकडे मिळतं, 1942 मध्ये क्लॅरन्स अर्ल यांनी त्याचं पेटंट घेतलं, आणि त्यातला साबण बनतो चक्क आपल्या एरंडेलापासून! रोज थोडंफार फिरणाऱ्याला हे पुरतं. पण भर पावसात, चिखलात चालवणार असाल तर कॅल्शियमवालं घ्या, त्यातही कॅल्शियम सल्फोनेट मिळालं तर उत्तमच, ते पाण्याला दाद देत नाही आणि गंजही रोखतं.

डब्यावर एनएलजीआय (अमेरिकेतली ग्रीसची संस्था) नंबर असतो, तो घट्टपणाचा. 25 अंशांवर धातूचा शंकू ग्रीसवर सोडतात आणि 5 सेकंदांत किती रुततो ते मोजतात, 26.5 ते 29.5 मिमी रुतला तर 2 नंबर. हब, हँडलचा कप, बीबी (पायडलच्या मधल्या दांड्याचं बेअरिंग), सगळ्याला 2 नंबर चालतो.

फ्रीव्हीलच्या आत मात्र हे घट्ट ग्रीस भरू नका प्लीज, आतली कुत्री (दात्यांत अडकणारे छोटे खटके) चिकटून बसतात आणि जोर लावला की पायडल रिकामं फिरतं, ट्रॅफिकमध्ये हे फार धोक्याचं आहे. तिथे पातळ तेल. चेनलाही तेलच, ग्रीसवर धूळ बसून त्याची पॉलिशपेपरसारखी पेस्ट होते.

आणि जुन्यावर नवीन थापू नका, दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र आली की कधीकधी दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. रॉकेलने कप, कोन (छर्ऱ्यांना कपात दाबून धरणारा निमुळता नट), छर्रे धुवा, पूर्ण वाळू द्या, मग कपात छर्रे चिकटून बसतील एवढं ग्रीस भरा. कोन आवळताना थोडं बाहेर येतं ते पुसा, पण कडेला पातळ कडं राहू द्या, पहिलं पाणी तिथेच अडतं.