कुत्र्याच्या तोंडावरचं गळू दाबून फोडू नका
"पिकलंय ना, मग दाबून पू काढा, लगेच बरं होतं" असं वर्षानुवर्षं सांगतात आणि ते साफ चुकीचं आहे. दाबल्यावर पू बाहेरच येईल असं नाही, तो आतही पसरतो, आणि सूज डोळ्याखाली असेल तर बऱ्याचदा मूळ वरच्या दाढेत असतं, म्हणजे वरून कितीही पिळा, गळू परत भरणारच. व्हेटकडे जाईपर्यंत कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं ५-१० मिनिटं हलकेच धरा, बिचाऱ्याला खूप दुखत असतं, मान झटकली तर राहू द्या. खाजवत असेल तर गळ्यात कोन (डोक्याभोवती बसणारी प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर) घाला. आपली आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, विषबाधा होते. फुटलंच तर सलाईनने पुसा. डोळा सुजला किंवा खाणं सोडलं तर त्याच दिवशी दाखवा.