कमी किलोमीटर म्हणजे नवी गाडी नव्हे
उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार पहिली गाडी म्हणून मुंबई-पुण्याहून आणू पाहणाऱ्या वर्धा-यवतमाळकडच्या तरुणांना हमखास सांगितले जाते की, मीटरवर किलोमीटर कमी असले म्हणजे गाडी नव्यासारखीच. हा समज चुकीचा आहे. गाडी उभी असली तरी रबर कडक होते, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि कापडी टपाजवळची पाणी वाहून जाण्याची छिद्रे पाचोळ्याने बुजली की पाणी सीटखालच्या गालिच्यात मुरते. म्हणून गालिचा उचलून हात फिरवावाच. टायरच्या बाजूवरील निर्मितीचे चार आकडे २३१६ असतील, तर नक्षी कितीही खोल दिसो, तो २०१६च्या २३व्या आठवड्यातला आहे. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात असा टायर बदललेलाच बरा, आणि तो खर्च सौद्यातच वळता करून घ्यावा.